ताबा घेतला, पण नाव कुठे लागले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक जमिनीची चर्चा पुण्यात दोनच वेळा होते. कुणी ती ढापल्याचे उघडकीला आले की, आणि महापालिकेला ती भाड्याने द्यायची किंवा विकायची असली की. मधल्या काळात ती जमीन कुणाच्या नावावर आहे, तिची हद्द कुठून कुठे जाते, तिच्यावर आज काय उभे आहे, हे कुणी विचारत नाही. आमच्या मते खरी गळती याच मधल्या काळात होते. लबाडीने जमीन गेली तर निदान बोंब तरी होते. कागद अर्धवट राहिल्यामुळे गेलेल्या जमिनीची साधी नोंदही कुठे होत नाही, म्हणून हे पत्र.

या शहरात कोणत्याही कामाला पैशापेक्षा जागेचीच ददात जास्त. चांदणी चौकातल्या उड्डाणपुलाचे भूमिपूजन ऑगस्ट २०१७ मध्ये झाले आणि तो खुला झाला १२ ऑगस्ट २०२३ रोजी. या सहा वर्षांतला मोठा काळ काँक्रीट ओतण्यात नाही, तर जागा ताब्यात मिळवण्यात गेला. कात्रज-कोंढवा रस्त्याची रुंदी ८४ मीटर ठरली होती. भूसंपादन झेपेना म्हणून ती ५० मीटरवर आणावी लागली, आणि तेवढ्यासाठीसुद्धा राज्य शासनापुढे हात पसरावे लागले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम आणि अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत, म्हणजे मोबदल्याच्या आदेशापर्यंत, बाजारमूल्यावर दर साल १२ टक्के वाढीव रक्कम द्यावी लागते. जमीन गमावणाऱ्याला हे मिळायलाच हवे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण याचा सरळ अर्थ असा की जी जागा आधीच जनतेच्या मालकीची आहे ती हातची घालवून तिच्याच शेजारची जागा विकत घ्यायची वेळ आली, तर दुपटीहून जास्त मोजावे लागतात.

जागा हातात असली की काय होते तेही याच जिल्ह्यात दिसते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि पुढे हिंजवडी, चाकण येथे आधी जमीन घेतली, रस्ते, पाणी, वीज नेली आणि मग भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. मूळ मालकी महामंडळाकडेच राहिली. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने १९७२ पासून निगडी-आकुर्डीच्या पेठा वसवल्या, त्याही ९९ वर्षांच्या पट्ट्यावर. आज त्या भागातले रस्ते, बागा, शाळांच्या जागा आणि पुण्याच्या जुन्या हद्दीलगत गुंठ्यागुंठ्याने वाढलेल्या वस्त्या शेजारी शेजारी ठेवून पाहा, फरक सांगावा लागत नाही. अर्थात याच प्राधिकरणाने मूळ शेतकऱ्यांच्या साडेबारा टक्के जमीन परताव्याचे भिजत घोंगडे अनेक दशके ठेवले, हेही खरे. सार्वजनिक मालकी म्हणजे फुकट मालकी असे जिथे समजले गेले तिथे पुढची पन्नास वर्षे कोर्टकचेरीत गेली. २०२१ मध्ये हे प्राधिकरण विसर्जित होऊन त्याची मालमत्ता पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेत वाटली गेली. अशा वाटणीच्या वेळी प्रत्येक भूखंडाची मिळकत पत्रिका (शहरी जमिनीचा मालकी उतारा), मोजणी आणि भाडेपट्ट्याची मुदत एका तक्त्यात आली नाही, तर पुढची भांडणे तिथेच पेरली जातात.

आता मुळाकडे येऊ. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम २० सांगते की सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, नद्या, ओढे, नाले, तळी आणि दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध होत नाही अशी सर्व जमीन राज्य शासनाची. वाचायला अगदी भक्कम. प्रत्यक्षात गावनकाशा उघडला की ओढा आणि जुना रस्ता या नुसत्या दोन समांतर रेषा असतात. त्यांना सर्व्हे नंबर नाही, म्हणून सातबारा नाही, म्हणून 'मालक' या रकान्यात कुणाचे नावही नाही. दोन्ही बाजूंच्या सर्व्हे नंबरांना मात्र उतारे आहेत, मालक आहेत, आर्किटेक्ट आहेत. बांधकामाचा प्रस्ताव येतो तेव्हा नकाशावर ओढा जरा सरळ होतो, जरा अरुंद होतो, कधी पाइपात जातो. हरकत घ्यायची कुणी? ज्याच्या नावाचा उतारा नाही त्याच्या वतीने मंत्रालयातून कुणी येत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केले हे पुणेकरांना सांगायला नको. पावसाचा जोर होताच, पण पाण्याला जायला जी जमीन लागते ती कलम २० प्रमाणे शासनाची असूनही जागेवर शिल्लक नव्हती.

ओढ्याची मूळ रुंदी शोधायची तर सातबारा कामाचा नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा, त्या सर्व्हे नंबरांची टिपणे (मूळ मोजणीची मापे), फाळणी नकाशे (हिश्श्यांचे नकाशे) आणि आकारबंद (क्षेत्राची नोंदवही) काढावा लागतो. दोन्ही काठांच्या सर्व्हे नंबरांची मूळ मापे टिपणावरून बसवली की मध्ये जे उरते तो ओढा. हे काम जुन्या भूमापकाला तासाभरात जमते, पण ते करायला सांगणारे कुणी लागते. बांधकाम परवानगीच्या फायलीत मालकाने जोडलेला मोजणी नकाशा असतो, समोरच्या काठाचा नसतो. दोन्ही काठ एकाच नकाशावर आणल्याशिवाय ओढ्यालगतचा प्रस्ताव मंजूर करू नये, एवढा एक नियम केला तरी निम्मे वाद थांबतील.

दुसरा गैरसमज आरक्षणाचा. विकास आराखड्यात आरक्षणाचा रंग दिसला की लोक म्हणतात, ही जागा महापालिकेची. तसे नसते. आरक्षण म्हणजे 'ही जागा आम्ही घेणार आहोत' एवढेच सांगणे. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ प्रमाणे ती घेण्याचे तीन मार्ग आहेत : वाटाघाटीने पैसे देऊन, एफएसआय (वाढीव बांधकामाचा हक्क) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन, नाहीतर भूसंपादन कायद्याने. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत यातले काहीच झाले नाही, तर कलम १२७ प्रमाणे मालक खरेदी सूचना देऊ शकतो. पुढच्या २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा घेण्याची ठोस पावले टाकली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते आणि मालक शेजाऱ्यासारखे बांधकाम करायला मोकळा. नुसता ठराव करणे, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवणे याला पाऊल म्हणत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच स्पष्ट केले आहे.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. म्हणजे २०२७ च्या जानेवारीपासून खरेदी सूचनांची दारे उघडतात. ज्या आरक्षणांचा एक गुंठाही ताब्यात नाही त्यांची यादी आत्ताच करून, शाळा, दवाखाना, अग्निशमन केंद्र अशा ज्या जागांशिवाय चालणारच नाही त्यांना आधी पैसे आणि टीडीआर राखून ठेवले पाहिजेत. सगळ्या आरक्षणांना एकदम पुरेल एवढा पैसा कुठल्याच महापालिकेकडे नसतो. मग निवड करावी लागते, आणि निवड केली नाही तर ती सूचना आधी कुणाची आली यावर ठरते. टेकड्यांचेही तसेच. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या २३ गावांत सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टाकले आणि मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर देऊ केला. आठ टक्क्यांवर जमीन सोडायला मालक राजी नाहीत. आरक्षण आहे, जमीन बहुतांश खाजगी आहे, आणि मध्ये टेकडीफोड सुरू आहे.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे. जमीन खरोखर ताब्यात आली असे धरू. भूसंपादनाने आली असेल तर क्रम असा : संयुक्त मोजणी, निवाडा, पैसे अदा, ताबा पावती, त्यानंतर भूमी अभिलेखाकडून कमी-जास्त पत्रक, ज्याला कचेरीत 'कजाप' म्हणतात, आणि शेवटी फेरफार, म्हणजे नवे नाव उताऱ्यावर लावण्याची नोंद. यातला कजाप बाहेरच्यांना ठाऊकच नसतो आणि आतल्यांना नकोसा वाटतो. समजा, दोन हेक्टरच्या सर्व्हे नंबरातून रस्त्यासाठी ३५ आर (१०० आर म्हणजे एक हेक्टर) गेले. कजाप झाला तर ३५ आरचा स्वतंत्र हिस्सा पडतो, नकाशा दुरुस्त होतो आणि मूळ मालकाच्या उताऱ्यावर १ हेक्टर ६५ आर राहतात. कजाप झाला नाही तर उतारा दोन हेक्टरचाच राहतो. फार तर 'इतर हक्क' रकान्यात 'महापालिका, रस्ता' अशी एक ओळ येते, तीही कधी येते, कधी नाही. पंधरा वर्षांनी वारस तो उतारा घेऊन बँकेत जातात, विकसकाकडे जातात, आणि दोन हेक्टरवर करारनामा होतो. त्यात फसवणूक दरवेळी असतेच असे नाही. वारसांना खरोखर ठाऊक नसते, कारण शासनाचाच कागद त्यांना दोन हेक्टर सांगत असतो.

टीडीआरच्या जमिनीत हेच दुसऱ्या वाटेने होते. मालक जागा देतो, महापालिका विकास हक्क प्रमाणपत्र देते. २०१६ च्या नियमांपासून दाट वस्तीत दिलेल्या क्षेत्राच्या तिप्पट आणि बाहेर दुप्पट, असा घसघशीत मोबदला आहे. जमीन सपाट करून, कुंपण घालून, बोजाविरहित सुपूर्त करायची. पण प्रमाणपत्र हातात पडले की मालकाचा रस संपतो. त्याचे काम झालेले असते. पुढची वर्दी (नाव लावण्याची सूचना) तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, महापालिकेने द्यायची. भूसंपादन विभागाला वाटते मालमत्ता विभाग देईल, मालमत्ता विभागाला फाइलच मिळालेली नसते, आणि क्षेत्रीय कार्यालयाला जागा कुठे आहे तेच माहीत नसते. वर्दी गेली तरी जुन्या सोसायटीचा पीककर्जाचा बोजा उताऱ्यावर दिसतो म्हणून नोंद अडते, किंवा सहहिस्सेदाराची सही नाही म्हणून मंडल अधिकारी ती रद्द करतो. महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे नोटीस बजावून हरकतींसाठी पंधरा दिवस द्यायचे आणि हरकत नसेल तर नोंद प्रमाणित करायची, इतके हे सरळ काम. उपायही सरळ आहे : महापालिकेच्या नावाचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका फायलीला लागल्याशिवाय विकास हक्क प्रमाणपत्र द्यायचेच नाही. मग मालक स्वतः तलाठ्याच्या मागे लागेल, आणि त्याच्याइतका नेटाने पाठपुरावा कुठलाही विभाग करत नाही.

नगर भूमापन झालेल्या भागात आणखी एक पेच आहे. तिथे मिळकत पत्रिका सुरू झाली की सातबारा बंद व्हायला हवा. पुष्कळ ठिकाणी दोन्ही जिवंत आहेत. एका कागदावर महापालिका, दुसऱ्यावर मूळ मालक. ज्याला जो सोयीचा तो कागद तो दाखवतो. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो तो मुद्रांक, ओळख आणि सह्या पाहून. मालकी तपासणे हे त्याचे काम कायद्याने नाही. नोंदणी नियम, १९६१ च्या नियम ४४ मध्ये ज्या व्यवहाराला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते तिथे ती पाहायची तरतूद आहे, पण परवानगी लागते हे कळायला ती जमीन शासनाची किंवा वर्ग दोनची, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, आहे हे त्याच्या पडद्यावर दिसायला तर हवे. मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या (गावकीच्या सेवेबद्दल दिलेल्या) जमिनीचा व्यवहार नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यभर गाजला. चौकशीत दोष कुणाचा निघायचा तो निघेल. आमचा मुद्दा वेगळा आहे. वतनाच्या, इनामाच्या, शासकीय आणि महापालिकेच्या सर्व सर्व्हे नंबरांची यादी दस्तनोंदणीच्या संगणकप्रणालीतच बसवली, तर असा दस्त टेबलावर येताच अडेल. नोंदणी महानिरीक्षक, जमाबंदी आयुक्त आणि नगररचना संचालक या तिन्ही राज्यस्तरीय अधिकाऱ्यांची मुख्य कार्यालये पुण्यातच आहेत. एकमेकांना पत्र पाठवण्याऐवजी ते चालत जाऊनही भेटू शकतात.

वेळ का महत्त्वाची, तेही सांगितले पाहिजे. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे शासनाला आपली जमीन परत मागण्यासाठी दावा करायला ३० वर्षे मिळतात. महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेला ३० वर्षे मिळतात ती फक्त सार्वजनिक रस्त्यासाठी. बाकीच्या जमिनीला, म्हणजे बागेच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या जागेला, सर्वसाधारण माणसाला लागू होते तीच १२ वर्षांची मुदत. कब्जा मालकीच्या विरोधात, उघड आणि सलग असेल तर बारा वर्षांनी दावा करण्याचा हक्कच संपतो. महापालिकेचे किती अधिकारी हा फरक लक्षात ठेवून पाहणी करतात? दर तीन वर्षांनी प्रत्येक भूखंडावर जाऊन, हद्दीचे दगड तपासून, तारखेसह फोटो आणि पंचनामा फायलीला लावला, तर कब्जा वेळीच कळेल आणि मुदत संपण्याआधी दावा करता येईल. दगड हरवले असतील तर हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा आणि 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) घेऊन नवे दगड बसवायचे. यात कसलीही क्रांती नाही. एका भूमापकाचे एका दिवसाचे काम आहे.

शासनाचेच दोन विभाग एकमेकांना ओळखत नाहीत तेव्हा काय होते, याचे पुण्यातले उदाहरण आता देशभर दाखला म्हणून दिले जाते. कोंढवा बुद्रुक, सर्व्हे नंबर २१. ही जमीन १८७९ मध्ये राखीव वन म्हणून जाहीर झाली. १९३४ मध्ये त्यातले ३ एकर २० गुंठे वनातून वगळले. उरलेले २९ एकर १५ गुंठे, म्हणजे ११.८९ हेक्टर, वनच राहिले. तरी १९९८ मध्ये महसूल यंत्रणेने ती शेतीसाठी एका कुटुंबाला वाटप केली. पुढे ती एका गृहनिर्माण संस्थेकडे गेली. १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवून जमीन वन विभागाकडे द्यायला सांगितले. शिवाय महसूल खात्याच्या ताब्यातली राखीव वनजमीन आणखी कुठे कुठे खाजगी हाती गेली ते शोधण्यासाठी सर्व राज्यांना विशेष तपास पथके नेमायला लावली. गंमत अशी की मंत्रालयात या दोघांचा विभाग एकच आहे, पाटीवर 'महसूल व वन' असे लिहिलेला.

या प्रकरणात बारकाईने पाहण्यासारखे काही असेल तर ते तलाठ्याच्या दप्तरात आहे. गाव नमुना १-अ ही वनजमिनीची नोंदवही, १-ब ही बिगरभोगवट्याच्या सरकारी जमिनीची, १-क ही अटीवर दिलेल्या जमिनीची, १-ई ही अतिक्रमणांची. सातबारा संगणकावर आला, पण या नोंदवह्या कित्येक गावांत अद्ययावत नाहीत आणि लोकांना तर त्यांची नावेही माहीत नाहीत. सातबारा हा एकेका जमिनीचा दाखला आहे. गावात सार्वजनिक जमीन एकूण किती, हे या नमुन्यांतूनच कळते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. त्या प्रत्येक गावाचे हे चार नमुने समाविष्ट होण्याच्या दिवशी काय होते आणि आज काय आहेत, याची तुलना जाहीर करावी. गायराने कुठे गेली ते आपोआप दिसेल.

नव्या जमिनीची आवकही आटत चालली आहे. ले-आउटमध्ये सोडावी लागणारी ॲमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी महापालिकेला द्यायची जागा, हा विनापैशाने जागा मिळण्याचा पुण्याचा मोठा मार्ग होता. पूर्वी एक एकरापुढच्या ले-आउटला १५ टक्के सोडावी लागे. डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीने ही मर्यादा २०,००० चौरस मीटरवर नेली आणि प्रमाण पाच टक्के केले. हिशेब करून पाहा. १९,००० चौरस मीटरच्या जागेतून पूर्वी २,८५० चौरस मीटर मिळत, आता शून्य. एक लाख चौरस मीटरमधून १५,००० मिळत, आता ५,०००. लोकसंख्या मात्र तेवढीच येते, उलट एफएसआय वाढल्यामुळे जास्त. १० टक्के मोकळी जागा कायम आहे असे उत्तर दिले जाते, पण ती त्या ले-आउटमधल्या रहिवाशांची असते, तिच्यावर शहराचा दवाखाना बांधता येत नाही. २०,००० च्या जरासे आत बसतील असे तुकडे पाडून प्रस्ताव येतात का, हे बांधकाम विभागाने मूळ सातबारा आणि त्यापुढचे फेरफार लावून तपासले पाहिजे. आणि आधीच हाती आलेल्या ॲमेनिटी स्पेस दीर्घ मुदतीने खाजगी संस्थांना द्यायचा प्रस्ताव २०२१ मध्ये याच महापालिकेत आला होता. आवक कमी झाल्यावर साठा विकायला काढणे, हे कुठल्या हिशेबात बसते?

भाडेपट्ट्याला आमचा विरोध नाही. उलट विक्रीपेक्षा पट्टा केव्हाही बरा, कारण मुदत संपली की जमीन परत येते. महापालिका अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे मिळकत देताना चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदला घेता येत नाही. खोट आहे ती पट्ट्याच्या अटींमध्ये. समजा, १० कोटींचा भूखंड अडीच टक्के भाड्याने ३० वर्षांसाठी दिला : वर्षाला २५ लाख. दहा वर्षांनी भूखंड २० कोटींचा झाला तर २५ लाख म्हणजे सव्वा टक्का. वीस वर्षांनी ४० कोटींचा झाला तर पाऊण टक्काही नाही. जमिनीची वाढ शहराने केलेल्या रस्त्यामुळे, मेट्रोमुळे झालेली असते आणि ती सगळी पट्टेदाराच्या पदरात पडते. म्हणून दर पाच वर्षांनी रेडी रेकनरशी (शासनाच्या जमीनदरांशी) जोडून भाडे बदलायची अट पट्ट्यातच हवी. तीस वर्षांचे भाडे एकरकमी घेऊन त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात खर्ची घालणे तर त्याहून वाईट : पुढच्या सहा सभागृहांचे उत्पन्न एका सभागृहाने खाल्ले. पोटभाडेकरू ठेवला, वापर बदलला, ठरल्या मुदतीत बांधकाम केले नाही, तर शर्तभंग कुणी आणि किती दिवसांत नोंदवायचा, त्या अधिकाऱ्याचे पद करारात लिहिलेले असावे. आज ते नसते, म्हणून सगळे हात वर करतात. मुदत संपलेल्या पट्ट्यांत अधिनियमाच्या कलम ८१-ब ची निष्कासनाची कारवाई करता येते, तिला दिवाणी दाव्याइतकी वर्षे लागत नाहीत. ती वापरायची इच्छा लागते.

राज्य शासनाने ८ मार्च २०१९ च्या नियमांनी वर्ग दोनच्या आणि पट्ट्याच्या जमिनी रक्कम भरून वर्ग एक, म्हणजे पूर्ण मालकीच्या, करायची वाट खुली केली. राहत्या सोसायट्यांना यातून सुटका मिळाली, ते योग्यच. व्यापारी वापराच्या जागांना हीच सवलत म्हणजे शासनाने आपला शेवटचा धागा एकदाच पैसे घेऊन तोडणे. सिंगापूरची उदाहरणे आपल्याकडे भाषणांत फार येतात. तिथला भूसंपादन कायदा १९६६ चा, आपली महसूल संहिता आणि नगररचना अधिनियमही १९६६ चेच. पण तिथे सरकारी घरे ९९ वर्षांच्या पट्ट्यावर विकली जातात आणि जमीन सरकारचीच राहते, हे भाषणात सांगायचे राहून जाते.

सार्वजनिक संस्थांमधली आपापसातली देवाणघेवाणही लेखी आणि मुदतबंद हवी. शिवाजीनगरचे एसटी स्थानक मेट्रोच्या भुयारी स्टेशनसाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला, शासकीय दूध योजनेच्या जागेवर हलले. जागा तिन्ही बाजूंनी सार्वजनिक होती म्हणूनच हे इतक्या लवकर जमले. खाजगी जागा शोधली असती तर मेट्रो अजून खोळंबली असती. शिवाजीनगरपर्यंत मेट्रो ऑगस्ट २०२३ मध्ये आली. एसटी मात्र त्यानंतरही वाकडेवाडीतच राहिली, कारण मूळ जागेवर काय, कुणाच्या खर्चाने आणि कधीपर्यंत बांधायचे यावर एकमत होत नव्हते. बोचकी घेऊन उतरणाऱ्या प्रवाशाला या तीन कार्यालयांतल्या पत्रव्यवहाराशी काय देणेघेणे?

मागणी एकच आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे हे स्वतःहून जाहीर करणे महापालिकेवर आणि जिल्हाधिकारी कार्यालयावर आजही बंधनकारक धरता येते. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतल्या प्रत्येक सार्वजनिक भूखंडासाठी एक ओळ : सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, कशाने मिळाला, निवाड्याचा किंवा विकास हक्क प्रमाणपत्राचा क्रमांक, कजाप झाला का, फेरफार क्रमांक, शेवटची मोजणी कोणत्या वर्षी, आजचा वापर, पट्टेदार, भाडे, मुदत संपण्याची तारीख. फेरफाराचा रकाना जिथे कोरा असेल त्या ओळी लाल रंगात छापाव्यात. सुरुवात २०१७ च्या आराखड्यातल्या शाळा, दवाखाने आणि अग्निशमन केंद्रांच्या आरक्षणांपासून करावी आणि पहिली यादी जानेवारी २०२७ च्या आत वाचायला मिळावी, म्हणजे खरेदी सूचना येऊ लागतील तेव्हा कोणती जागा खरोखर आपली आहे हे शोधायला कपाटे उघडत बसावे लागणार नाही.

आपले,
भूमी अभिलेख व नगररचना खात्यांतून निवृत्त झालेले काही पुणेकर